काठोकाठ पेला

बिश्केक, १२ ऑक्टोबर

चिरंजीव मिर्लान यास अनारकुल एजेचे, म्हणजे अजून तरी तुझ्या थोरल्या बहिणीचे, आशीर्वाद.

माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. कॉलेजने माझ्या वर्गाच्या दाराला आरसा ठोकला. वर लिहिलंय, ‘आधी हसा, मग आत या.’ आरशाच्या जाड चौकटीपायी दार पुरतं उघडत नाही. मी आडवी होऊन आत शिरते, आणि त्या अवस्थेत हसायचं! हे सगळं तुम्हा कंपनीवाल्यांमुळे. मुलांना प्रोग्रॅमिंग येतं, माणसांशी बोलणं येत नाही, अशी तुमची ओरड. म्हणून डेटाबेसचे तास कापून मला ‘सुसंवाद’ शिकवायला लावलं. मला!

बाकी ठीक. सफरचंदं उतरवून झाली. गुडघा दुखतो.

आता बेरमेतचं. माझ्या वर्गातली सर्वांत हुशार मुलगी तू नाकारलीस. कळवलंस काय, तर ‘ज्ञान उत्तम, वागणूक शून्य. मुलाखतीत कुबातला काठोकाठ चहा दिला.’ आपल्याकडे भरलेला पेला म्हणजे पाहुण्याला ‘उठा आता’, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं, मान्य. पण का दिला, हे तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं?

मी विचारलं. तुझा तो उजवा हात कुबात तिला तुमचा प्रोग्रॅम दाखवत होता, खऱ्या ग्राहकांच्या खऱ्या नोंदींवर. जुन्या नोंदी पुसायची आज्ञा त्यानं लिहिली, पण कुठल्या पुसायच्या ही अटच विसरला, म्हणजे सगळ्याच गेल्या असत्या. तोंड अखंड चालू, बोट बटणावर. मोठा माणूस बोलताना मध्ये कसं पडायचं? धाकटी म्हणून चहा ओतणं तेवढं तिच्याकडे होतं. ओतला, काठापर्यंत. कुबात लालबुंद होऊन उठला आणि तुझे सगळे ग्राहक वाचले.

“अगं, मग नंतर तरी सांगायचंस!” मी ओरडले.

“सगळ्यांदेखत त्यांची चूक कशी काढू, एजे?”

“तोंड दिलंय ना देवानं?”

“तुम्ही बोलत असताना वर्गात कुणी तोंड उघडलंय का कधी?”

बाहेर पडताना आरशात पाहिलं. हसू आलं नाही.

मार्चमध्ये नौरूझच्या सणाला माझ्याच टेबलाशी बसून तू हेच म्हणालास: “तुझी मुलं माणसांपुढे मुकी होतात एजे, कारण तू त्यांना बोलूच देत नाहीस.” मी पेले आवरायला घेतले, तू कोट उचलून निघालास. तेव्हापासून दोन गल्ल्यांच्या अंतरावरून आपला सुसंवाद चालू आहे.

तुझं बरोबर होतं, असं मी लिहिणार नाही. हल्ली वर्गात आधी मुलं बोलतात, मी ऐकते. फार त्रास होतो.

बेरमेतनं सांगायला शिकायचं, कबूल. तुम्ही विचारायला शिका. मुलाखतीच्या दिवशीची ती आज्ञा कुबातच्या संगणकावर असेल, वाच. त्यानं ती पाहिली असणारच. तरी गप्प आहे. मुकं कोण, ते तूच ठरव, आणि नोकरीचंही.

तुझ्या बायकोनं नौरूझला तळलेले बोरसोक पाठवले होते, तो निळा वाडगा माझ्याकडेच राहिला. उद्या बेरमेत घेऊन येईल. रिकामा परत करायची आपल्यात रीत नाही, म्हणून जर्दाळूचा मुरंबा भरलाय.

तिला बसव. चहा तू स्वतः ओत. अर्धाच पेला.

तुझीच,
एजे