नुसता उभा राहणारा माणूस

बाबा, आज सकाळी साहेबांचा फोन आला, तुम्हाला यायचा तसाच. बंगल्यावर रोपं आली आहेत, एक माणूस पाठवून दे. कोणता माणूस ते सांगावं लागत नाही. रुळांची दुरुस्ती करणाऱ्या आपल्या टोळीत प्रत्येकाच्या हातात घण, पहार, पाना असं काहीतरी असतं. एकच जण लांब उभा राहून नुसती गाडीची वाट बघतो आणि गाडी दिसली की शिटी वाजवतो. हा पहारा म्हणजे काहीच न करणं असं साहेबांना वाटतं, म्हणून बंगल्यावर जायची पाळी नेहमी त्याचीच. तुमच्या जागेवर मी अनुकंपेवर लागले, हे तुम्हाला कसं कळणार? जयपूरच्या त्याच टोळीची मुकादम आहे मी आता. पाठवायचं की नाही, हे मला ठरवायचं होतं.

रुळावर कसं वागावं हे तुम्ही आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवलंत. जेवताना ताटाशेजारी उलथनं आणि झारा आडवे ठेवून दोन लाइन करायचात. एका लाइनवर गाडी आली की दोन्ही लाइन सोडायच्या. अवजार राहिलं तर राहू द्यायचं, त्याच्यासाठी परत फिरायचं नाही. एकदा थंडीत मी झोटवाड्याच्या घराकडे येताना मफलरनं कान बांधून रूळ ओलांडत होते, तर तुम्ही अख्ख्या टोळीदेखत तो मफलर ओढून काढलात. “कान बांधून रुयावर कायले गेली व?” आपली अकोल्याची बोली तिथं कुणाला कळली नाही, थप्पड मात्र सगळ्यांना कळली.

आणि तेच तुम्ही, साहेबांचा फोन आला की उभे राहून बोलायचात. घरात! बनियनवर! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आई भाकरी थापता थापता विचारायची, “मंग पाहारा कोन देते?” तुम्ही म्हणायचात, “माहे कान हायेत ना. साहेबाले नाही कसं म्हनाव?” अकोल्याकडे बदलीचा तुमचा अर्ज त्याच साहेबांच्या टेबलावर होता, हे आईलाही माहीत होतं, म्हणून ती पुढची भाकरी थापायला घ्यायची. भीड भिकेची बहीण म्हणतात. आपल्या घरात ती पाटावर बसून जेवायची.

कानोत्याजवळचा तो दिवस मला टोळीतल्यांनी इतक्या वेळा सांगितला आहे की मी तिथे असल्यासारखी बघते. उन्हाळ्यातली तापलेली लू सुटली आहे. एका लाइनवरून मालगाडी धडधडत जाते आहे. सगळे बाजूला झाले आहेत, कारण तुम्हीच ओरडून त्यांना बाजूला केलं आहे. मग दुसऱ्या लाइनवर राहिलेली पहार तुम्हाला दिसते आणि तुम्ही ती उचलायला वाकता. मालगाडीच्या आवाजात मागून येणारी गाडी तुमच्या त्या कानांना ऐकू येत नाही. शिटी वाजवणारा त्या वेळी साहेबांच्या लॉनला पाणी घालत होता. संध्याकाळी तो आपल्या दारात येऊन बसला तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. चौकशीत ठरलं, मृताचा स्वतःचा निष्काळजीपणा. तो माणूस बंगल्यावर होता हे कुणीच बोललं नाही. मला याचा राग येतो, आणि त्याहून जास्त राग तुमचा येतो, कारण पहार उचलायला वाकणं ही चूक त्या दिवशीची होती, पण पहाऱ्याचा माणूस देऊन टाकणं हे तुमचं रोजचं होतं.

आज मी साहेबांना उलट फोन करून नाही म्हणाले. पहाऱ्याला माणूस नाही तर काम सुरू होणार नाही, एवढंच. साहेब “ठीक है” म्हणाले, आणि त्या ठीक है चा अर्थ इथं सगळ्यांना कळतो. बदली आता वाळवंटात कुठेतरी होईल, आईच्या गुडघ्यांचं आणि माझ्या पोराच्या शाळेचं काय ते बघावं लागेल. दुपारी कडुनिंबाच्या सावलीत डबे उघडले, तेव्हा तुमच्या हाताखाली काम केलेले एकजण आपुलकीनंच मला म्हणाले, “बेटा, आपके पिताजी ने तो कभी किसी को मना नहीं किया. बड़े भले आदमी थे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबा, तुम्ही जरा कमी भले असतात तर आज आईच्या शेजारी बसून चहा पीत असतात. मी डब्यात बघत भाजी संपवली.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि आईला वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. तरी लिहिते आहे तर पूर्ण लिहिते. साहेबांचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून आधी “जी साहब”च निघालं. उभीही राहिले होते. पहाऱ्याचा माणूस सायकल काढून निघाला, पार रेल्वे फाटकापर्यंत गेला, तेव्हा कुठे मी त्याच्यामागे धावले.