आत्याच्या वतीने केलेली तपासणी

तीर्थरूप आत्या,

नमस्कार घे. (साष्टांगच घालणार होतो, पण हल्ली घातला की उठवायला दोघं लागतात.) तुझे गुडघे काय म्हणतात? तिकडची थंडी सोसतेय ना? आम्ही मजेत आहोत.

ऐकू न येणाऱ्यांना कानातली यंत्रं बसवून देणाऱ्या इथल्या संस्थेला तुला मदत करायची आहे आणि आधी मी जाऊन नीट बघून यावं (नुसता चहा पिऊन येऊ नये), असं तू लिहिलंस. त्याप्रमाणे नवी वही घेऊन गेलो. लाँड्रीच्या वर दोन खोल्या. जिना चढेपर्यंत इस्त्रीच्या वाफेने माझाच सुरकुतलेला सदरा सरळ झाला. वर टेबलापाशी संस्थेच्या बाई होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं, त्यातलं ‘तपासणी’ तेवढं मला कळलं. मी रुबाबात म्हणालो, “अर्थात! संपूर्ण तपासणी!” त्यांनी मला लगेच रांगेत बसवलं.

माझ्या कानात बॅटरी मारून बघितलं, तेव्हाही मला वाटलं, पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवतायत. मग भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेल्या छोट्या खोलीत नेऊन हेडफोन चढवले. आवाज आला की बोट वर करायचं. पाव तास मी बोट सरसावून बसलो. आवाज एकदाच आला. मी वहीत लिहिलं : ‘यंत्र नादुरुस्त. त्रुटी क्रमांक एक.’

बाहेर आल्यावर बाईंनी आलेख पुढे ठेवला. यंत्र ठणठणीत होतं, आत्या. नादुरुस्त मी होतो.

मी अर्थातच वाद घातला. मला छान ऐकू येतं, घरचेच पुटपुटतात, असं ठणकावून सांगितलं. डोळ्याला भिंग लावून यंत्र दुरुस्त करणारी बाई मान वर न करताच काहीतरी बोलली आणि सगळी रांग हसली. रांगेत माझ्या शेजारी बसलेला सुतार माझ्या कानाशी ओरडला, “ती म्हणतेय, इथे येणाऱ्या सगळ्यांच्याच घरचे पुटपुटतात!”

हा सुतार दोन वर्षं घरी बसून होता. करवत चालू असताना मागून मारलेली हाक ऐकू आली नाही आणि बोट जाता जाता वाचलं. आता यंत्र लावून तो पुन्हा कामावर जातो. त्याचं यंत्र त्या भिंगवालीने तीन बंद यंत्रांमधून एक असं जुळवलंय. लोक लांबून खोकी भरभरून बंद यंत्रं पाठवतात, पण काय हवंय ते कोणी विचारत नाही. मी विचारलं. त्यांना हवेत सेल, कानाचे साचे घ्यायची लुकण आणि भिंगवालीच्या हाताखाली शिकायला आणखी एक माणूस. एवढंच.

मग माझ्या कानात यंत्र बसलं. घरी आलो. तुझी भाचेसून ओट्याशी पाठमोरी होती. हळूच म्हणाली, “आलात? दमलात का?”

सहा वर्षं मी समजत होतो, की मी घरी आल्यावर ही काही विचारतच नाही. ती रोज विचारायची, आत्या. मी नुसता चप्पल काढून पेपर उघडायचो. त्या संध्याकाळी पेपर तसाच राहिला. त्या लोकांचे उपकार कसे फेडू कळत नाही, आणि तू मला तिथे पाठवलंस, म्हणून तुझेही. मदत जरूर कर, दरवर्षी कर, आणि ते मागतील तीच कर.

तुझा आज्ञाधारक
भाचा

ता. क. परतफेड म्हणून मी दर मंगळवारी तिथे जातो. नवीन यंत्र लावलेल्यांना माणसाच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून त्यांच्याशी बोलत बसायचं, हे काम बाईंनी मला दिलंय. आजवर मला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं!

ता. क. दोन. पत्र लिहिण्याचं खरं कारण आता लिहितो. गेल्या मंगळवारी माझं बोलणं रंगात आलेलं असतानाच तिघांनी यंत्रं काढून खिशात घातली. बाई म्हणाल्या, “तुमच्या आत्याबाईंची मदत आनंदाने घेऊ, पण भाचा आवरायला सांगा.” तेव्हा मदतीचं पत्र पाठवशील, त्यात माझ्यासाठी एक शब्द टाक. निदान अर्धा तास तरी बोलू द्या म्हणावं.