पेटीतला प्याला

पिंपरी,
ता. १३ नोव्हेंबर १९५७, बुधवार

प्रिय बंधू यशवंत यास,

दौलतदादाचा प्रभू येशूच्या नावात सलाम. आम्ही इकडे सुखरूप आहोत. थंडीने शालनचा गुडघा धरला आहे, पण तोंड शाबूत आहे, तेव्हा तुझ्या वहिनीची काळजी करू नये. तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर का झाला याची तीन कारणं मी योजून ठेवली होती. शालन म्हणाली, तिन्ही खोटी आहेत, नुसतं पत्र लिहा. म्हणून लिहायला बसलो.

बाजरी चांगली आली, शेळीला दोन करडं झाली, चर्चच्या मंडळीने पुन्हा तुलाच पुढारी नेमलं, हे सगळं वाचून बरं वाटलं. चिमाजीबद्दल तू लिहिलं आहेस त्याचं उत्तर पुढे येईल. आधी इकडची गंमत ऐक.

आमचा कारखाना औषधाचा हे तुला ठाऊक आहेच. मी बाटल्या धुण्याच्या यंत्रांवर फिटर आहे. इथे एक माणसं सोडली तर बाकी सगळं उकळून घेतात. त्यामुळे आमच्या मंडळीतली माणसंही आता घरी पाण्याच्या पेल्याकडे संशयाने बघतात. आम्ही तीस-पस्तीस जण आहोत, कोणी नगरचे, कोणी सोलापूरचे, कोणी जालन्याचे. दर रविवारी आमच्याच चाळीच्या ओसरीवर उपासना होते. पुण्याहून पाळकसाहेब महिन्यातून एकदा सायकलवर येतात आणि प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षरस देतात. आजवर ते आपला प्याला सोबत आणत आणि एकाच प्याल्यातून सगळे घेत.

ऑगस्टात दवाखान्यातल्या नर्स सुमनताई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, एका प्याल्याला पस्तीस ओठ लागतात आणि आपण सगळे जंतू मारण्याचा पगार घेतो, हे मला पटत नाही. मोठी चर्चा झाली. म्हाताऱ्यांना राग आला, तरुणांना हसू आलं. शेवटी कोणीतरी सुचवलं की कारखान्यात मापात न बसलेल्या बाटल्या बाद होतात, त्या बोटाएवढ्या इंजेक्शनच्या, त्या मागून घ्याव्यात. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत उंच हात माझा होता. का, ते सांगतोच.

बाटल्या मागण्याचं काम अर्थात माझ्याकडे आलं. कारखान्यातल्या साहेबांना भेटलो, खरं ते सांगितलं. ते भले माणूस. त्यांनी गेटपास लिहून दिला, ‘बाद बाटल्या चाळीस, पूजेसाठी.’ गेटावर ताथवड्याचे रंगराव पहिलवान असतात. कोणाच्या भाकरीच्या डब्यात काय आहे हे त्यांना वासावरून कळतं. त्यांनी बाटल्या मोजायला घेतल्या, तेवढ्यात माझ्याच लक्षात आलं की एक जास्त आली आहे. एकेचाळीस. मी ती घेऊन पाव मैल मागे गेलो, जागेवर ठेवली आणि परत आलो. रंगरावांनी गेटपासची घडी करून माझ्या खिशात घातली. मग म्हणाले,

“दौलतराव, समदी तुमच्यावानी असती तर मला हितं हुभं ऱ्हायाची गरजच न्हाई.”

यशवंता, ते वाक्य ऐकून मला सायकलवर बसवेना. ती हातात धरून चालत घरी आलो.

पण पुढच्या रविवारची मजा सांगायची राहिली. शालनने मनुका उकळून रस केला, बाटल्या तीनदा उकळल्या आणि परातीत मांडल्या. पाळकसाहेबांनी परात बघितली, आधी सुस्कारा टाकला, मग हसले. म्हणाले, प्रभूने मापाचं काही सांगितलेलं नाही. बाटल्या वाटण्याचं काम माझं होतं. आमच्यात सोलापूरचा भैरू आहे, तो कारखान्यात दिवसभर दिव्यासमोर बसून बाटल्या तपासतो. प्रार्थना झाली, सगळे गंभीर झाले, आणि भैरूने आपली बाटली सवयीने उजेडाला धरली, एकदा हलवली, आत कचरा नाही याची खात्री केली आणि शेजारच्याला म्हणाला, पास. पाळकसाहेबांचे खांदे किती वेळ हलत होते.

सगळे हसले, सगळ्यांनी घेतलं. परातीत एक बाटली तेवढी भरलेली राहिली. ती माझी. मी घेतलं नाही. त्यानंतरच्या दोन महिन्यांतही घेतलं नाही. एकदा खोकला होता, एकदा मुद्दाम कामाची पाळी बदलून घेतली.

आता लिहितो. शालन समोर बसून लसूण सोलते आहे आणि माझ्याकडे बघत नाही.

आपल्या वाडीच्या चर्चचा प्याला हरवला नाही. तो मी आणला. काठावर पोचा आलेला तोच प्याला, जो तू सात वर्षांचा असताना तुझ्या हातून पडला आणि बाबा म्हणाले की प्याला पडला तरी चालेल, पोर पडायला नको. बाबा गेल्यावर मंडळीने त्यांच्या जागी तुला पुढारी नेमलं. मी थोरला, मी जास्त शिकलेला, गाणीही मीच चांगली म्हणतो असं मला वाटे. मी हसून तुझी पाठ थोपटली आणि आतून जळत राहिलो. इकडे नोकरी लागली तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी मी चिमाजीकडे चर्चची किल्ली मागितली. त्या म्हाताऱ्याने वीस वर्षं तिथला केर काढला, किल्ली कमरेची कधी सोडली नाही. मला मात्र काढून दिली. म्हणाला,

“दादा, बापाच्या जागेपाशी घडीभर बसून घ्या. मी भाईर थांबतो.”

तो बाहेर थांबला आणि मी प्याला धोतरात गुंडाळला. मनाला सांगितलं, नव्या मंडळीला लागेल. खरं एवढंच होतं की तो तुझ्या हातात मला बघवत नव्हता. इथे आल्यावर बाहेर काढायची हिंमत झाली नाही, कारण पाळकसाहेब बाबांना ओळखत होते, पोचा बघून त्यांनी तो ओळखला असता. त्यांचा प्याला ओठाला लागला की पेटीतला आठवे, म्हणून बाटल्यांसाठी माझा हात सगळ्यांत आधी वर गेला. दोन वर्षं तो प्याला माझ्या पेटीत नुसता पडून होता.

गेल्या महिन्यात तू लिहिलंस की लोक आता चिमाजीवर उघड संशय घेतात, तू स्वतः त्याच्याकडून किल्ली काढून घेतलीस, आणि आता तो उपासनेला आत येत नाही, दाराशी बसून ऐकतो. त्याच आठवड्यात शालनने वाकळा काढायला पेटी उघडली. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. तिने प्याला चिंचेने घासला आणि माझ्या ताटासमोरच्या फळीवर ठेवला. रोज घासते, रोज तिथेच ठेवते. महिनाभर मी त्याच्याकडे बघत भाकरी खातो आहे.

पण मला झोपू देत नाही ते दुसरंच. किल्ली कोणाला दिली होती हे चिमाजीला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्याने एक शब्द बोलायचा होता, सुटला असता. तो बोलला नाही. बाबांच्या मुलाचं नाव जाऊ नये म्हणून त्या माणसाने स्वतःचं नाव जाऊ दिलं. मी जन्मभर ज्या प्रभूची गाणी म्हटली त्याच्यासारखं वागला तो, आणि मी गाणी म्हणत राहिलो.

यशवंता, मला लाज वाटते. आणि खरं सांगू, इथपर्यंत लिहून झाल्यावर तीन महिन्यांत पहिल्यांदा भूकही लागली आहे. शालनने न विचारताच तवा ठेवला.

आता तुझ्याकडे काम. येत्या रविवारी हे पत्र मंडळीत उभं राहून मोठ्याने वाच. शेळीचं आणि गुडघ्याचंसुद्धा वाच, काही गाळू नकोस. पण आधी दाराशी जा, चिमाजीला हाताला धरून आत आण, पुढे बसव आणि मग सुरू कर. किल्ली त्याच्या हातात परत दे.

शनिवारी, तेवीस तारखेला, मी आणि शालन एस.टी.ने पोहोचतो. रजा मंजूर झाली आहे. माझी पेटी तू स्वतः फाट्यावर उघड आणि सगळ्यांसमोर तपास, रंगराव तपासतात तशी. रविवारी त्याच प्याल्यात रस भर आणि पहिल्यांदा चिमाजीला दे. मी अगदी शेवटी, दाराशी, त्याच्या जागेवर बसेन. माझ्यापर्यंत प्याला आणायचा की नाही, ते तू ठरवू नकोस. ते चिमाजीला विचार.

तो नको म्हणाला तरी मी त्या दिवशी गाणं म्हणेन, आणि या वेळी सगळ्यांच्या मागून म्हणेन.

तुझ्या मुलांना मुके. त्यांच्यासाठी चार बाद बाटल्या आणतो आहे, गेटपास घेतला आहे.

चिमाजीच्या जागेवर बसायला येणारा,
तुझा भाऊ
दौलत