चौथा खाना

१२ मे, सोमवार. सकाळी ११.१०
मशीन रूममधल्या रजिस्टरला बांधलेल्या पेनाची सुतळी कुणीतरी कापून वीतभर केली आहे. सही करायला आता कमरेत वाकावं लागतं. बावीस वर्षं ज्यानं बियाणे संघाच्या लातूर कचेरीत मान ताठ ठेवली, त्याला अखेर सुतळीनं वाकवलं. निषेध नोंदवणार होतो, पण तोही त्याच रजिस्टरात नोंदवावा लागतो.
माझ्या हाताखालच्या शेषेरावांनी रिटायर होताना त्यांचं रूटीन, म्हणजे फाइली वाचणारा तयार प्रोग्राम, कसं वापरायचं ते या रजिस्टरातच लिहून ठेवलंय म्हणे. वाचणार नाही. तत्त्वाचा प्रश्न.

१३ मे
अमरनाथ साहेबांनी बोलावलं. पाच जूनला मुखेडला बियाणे वाटप. सभासद ७४०. मेनफ्रेममधून, म्हणजे मशीन रूममधल्या मोठ्या कॉम्प्युटरमधून, प्रत्येकाचं टोकन काढायचं. टोकन नाही तर पिशवी नाही, आणि पिशवी नाही तर पेरणी नाही. साहेब म्हणाले, विरूपाक्ष, नीट झालं तर नांदेडच्या कॉम्प्युटर विभागाचं बघू.
नांदेडच्या केबिनला खिडकी आहे.

१४ मे
फाइल उघडा, वाचा, बंद करा ही सगळी हमाली शेषेरावांचं रूटीन करतं. आपण फक्त हाक मारायची आणि चार खाने द्यायचे. फाइलचं नाव. काय करायचं ते. वाचलेला सभासद ठेवायची जागा. चौथा रिकामा, त्यात रूटीन उत्तर लिहितं. ०० म्हणजे झालं, १० म्हणजे फाइल संपली.
चौथा खाना देतो, बघत नाही. हाताखालच्याला दर वेळी झालं का विचारणं बरं दिसत नाही. सभासद ७४०, तर ७४० वेळा वाच. विषय संपला.
रूटीनच्या डोक्यावर ‘लेखक: शेषेराव, १९९१’ अशी ओळ होती. खोडून माझं नाव टाकलं. देखभाल मीच करतो.

१८ मे, रविवार
नवव्या दिवशी नळाची पाळी. मोटर चालू करून पेपर वाचत बसलो. पाणी आलंच नव्हतं. मोटर जळाली. नीलम्मा म्हणाली, बटन दाबलं की काम झालं, हे तुम्हाला कुण्या मास्तरनं शिकवलं? पाणी येऊन राहिलंय का बघायला डोळे हायत ना.
बायकोला सिस्टिम कळत नाही.

२९ मे
अहमदपूरहून शेषेरावांचा फोन. म्हणाले, साहेब, मुखेडची फाइल दोन तुकड्यांत हाय, रजिस्टरात लिवलंय. चौथ्यात धा आलं की दुसरा तुकडा उघडायचा. ध्यानात हाय ना? मी हाव हाव म्हणालो. रिटायर माणसांना वेळ लई.

२ जून. दुपारी ४
छपाई पूर्ण. टोकनं मोजली: ७४०. एक कमी नाही, एक जास्त नाही. वाचली नाहीत. ज्याचं टोकन त्यानं वाचावं. गठ्ठे बांधून मुखेडला रवाना. पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला. सत्कार झालाच तर.

५ जून. मुखेड
सत्कार नाही.
पहिली ४१२ टोकनं बरोबर. ४१२वं चतुराबाईचं. त्यानंतरची ३२८ पण चतुराबाईचीच.
पहिला तुकडा संपला तेव्हा रूटीननं नवीन कुणी दिलं नाही. तिसऱ्या खान्यात चतुराबाई तशीच राहिली आणि मी तिला छापत राहिलो.
चतुराबाई गठ्ठा घेऊन समोर आली. म्हणाली, माझं दीड एकर हाय, साहेब. एवढ्यात आता मुखेड पेरू का अख्खं?
मृग दोन-तीन दिवसांवर. ३२८ माणसं लिंबाखाली बसून होती. मी शर्टाची बाही दुमडत राहिलो.

६ जून
सकाळच्या एसटीनं शेषेराव लातूर कचेरीत आले. त्यांना कुणी बोलावलं ते मी विचारलं नाही. उभ्यानं रजिस्टर चाळलं, मग बसले. माझ्या प्रोग्राममध्ये दोन ओळी टाकल्या: चौथा खाना बघ, दहा असेल तर दुसरा तुकडा उघड. अकरा मिनिटांत ३२८ टोकनं. म्हणाले, ते बिचारं तीनशे अठ्ठावीस बार सांगून राहिलं होतं तुम्हाला, संपलं म्हणून.
रूटीनच्या डोक्यावरची माझ्या नावाची ओळ त्यांच्या समोरच होती. चहा प्याले. बशी पुसून ठेवली. गेले.

७ जून
टोकनं मुखेडला पोचली. फोन करून विचारलं. सगळी वाटली, असं म्हणाले. तरी पुन्हा विचारलं.
नांदेडच्या केबिनमध्ये आता रेणापूर कचेरीतली स्वप्नाली जाणार. साहेबांनी मला जेवलात का विचारलं.

९ जून, सोमवार. सकाळी ११.१०
सुतळी तेवढीच आहे. वाकलो. शेषेरावांची पानं वाचली. साडेतीन आहेत.
रूटीनच्या डोक्यावरचं माझं नाव काढलं. ‘लेखक: शेषेराव, १९९१’ परत टाकलं. कुणाला सांगितलं नाही, त्यांनाही नाही.
रूटीन एकदा चालवलं. चौथ्या खान्यात ०० आलं.
बघितलं.