पबमधून जाणारी शीव

प्रिय बाबा,

लांबच्या सासरहून तुमच्या हेस्टरचा वाकून नमस्कार. खोकला कसा आहे? मी मजेत आहे, काळजी नसावी.

आज आम्ही जिंकलो! दर वसंतात इथे अख्खं गाव काठ्या घेऊन शिवेवरून फिरतं. ती शीव जुन्या पबमधूनच जाते, पुढच्या दाराने आत आणि मागच्या दाराने कुरणात. नव्या मालकाने, क्राउदरने, मागचं दार विटांनी बुजवलं. एक वर्ष फेरी चुकली, की कुरणावरचा गावाचा हक्क गेलाच.

"वळसा घालून जा की!" तो म्हणाला.

सासूबाईंनी भिंतीवर काठी आपटली. "तीनशे वर्षं शिवेने वळसा घातला नाही, बाळा. तुझ्यासाठी घालेल होय?"

ती भिंत बांधणारा गवंडी जेथ्रो हसला. "ढकला रे! चुना मी मुद्दामच कच्चा ठेवलाय."

भिंत धाडकन पडली. पाद्रीबाबासुद्धा नाचले!

बाबा, रागावू नका. तुम्ही मला कधी दारूच्या दुकानाची पायरी चढू दिली नाहीत. आज चढले. पण शपथेवर सांगते, पुढच्या दाराने शिरले ती थेट मागच्या दाराने बाहेर पडले.

तुमचीच,
हेस्टर