राजा मेला, असं मी भर दरबारात ओरडलो

न्यारकोताई,

तुझ्या धाकट्या क्वाबेनाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? टाकोराडीच्या दमट हवेत तो कुरकुरणारच. इकडे ये, डुफी शेक देईल (बायको म्हणून ती हल्ली मलाही चांगलीच शेकते, पण ते पुढे). आम्ही सगळे खुशाल आहोत. कोको यंदा बरा आहे. मामांकडून आलेली दरबारी काठीही अजून माझ्याच हातात आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा रक्तदाब जागेवर राहील. मासळीबाजारात तुला काय ऐकायला मिळालं ते मला कळलंय. त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेलं निम्मं असं.

हर्नियाच्या ऑपरेशननंतर मी पडून होतो, तेव्हा फोसुआने (पोटची पोर असून!) माझ्या फोनवर एक खेळ घालून दिला. टीचभर माणूस, हातात सोटा, आणि दहा मजली भुयार. तळाशी हाडांचा राजा बसलेला, त्याला मारायचं. सोपं वाटतं ना? पण एकदा मेलं की तलवार, चिलखत, जमवलेली औषधं सगळं गेलं. पुन्हा वरून सुरुवात, आणि भुयारही दर वेळी नवंच. पहिल्या दिवशी मला उंदराने मारलं. ताई, बावीस वर्षं आपल्या राजाच्या, नानांच्या गादीशेजारी बसणारा मी, आणि उंदीर! म्हटलं, आणखी एकदाच. त्या 'एकदाच'ला तीन महिने झाले. अशा खेळांना 'रोगलाइक' म्हणतात म्हणे. नावातच रोग आहे, मला आधी कळायला हवं होतं. पण मी पुरता प्रेमात पडलो होतो. फुफूचा गोळा रश्श्यात बुडवताना मला भुयारातलं तळं दिसायचं. डुफी म्हणाली, "दुसरी बाई असती तर जाऊन तिच्या झिंज्या तरी धरल्या असत्या. या मेल्याचं मी काय धरू?"

मग तो मंगळवार. दोन कोकोवाल्यांच्या बांधाचा खटला चालला होता, आणि त्यातला एक जण आपल्या पणजोबांपासून सुरुवात करून दोन तासांत जेमतेम आजोबांपर्यंत पोचला होता. माझ्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात पांघरलेल्या वस्त्राच्या घडीत फोन. (आवाज बंद होता. तेवढी अक्कल आहे मला.) मी दहाव्या मजल्यावर होतो. पहिल्यांदाच. हाडांच्या राजाचा जीव बोटभर उरला, माझा नखाएवढा. मी शेवटचा वार केला आणि उभा राहून ओरडलो, "मेला! राजा मेला!"

ताई, आपल्याकडे राजा खरोखर गेला तरी तो शब्द कुणी उच्चारत नाही. 'नाना गावाला गेले' एवढंच म्हणतात. आणि इथे नाना माझ्या शेजारी धडधाकट बसलेले! पंख्याने वारा घालणाऱ्याचा हात थांबला. मागे एक म्हातारी रडायलाही लागली.

नाना लोकांशी थेट बोलत नाहीत. ते पुटपुटतात आणि ते नटवून, मोठ्याने सांगणं हे माझं काम, हे तुला ठाऊकच आहे. नाना पुटपुटले, "या माकडाला विचार, कोण मेला." आता माकड मीच, आणि विचारायचंही मलाच! मी काठी आपटून खणखणीत आवाजात म्हणालो, "नाना विचारतात की, हे फांदीवरून घसरलेल्या, बापजाद्यांची लाज सोडलेल्या वानरा, तुझ्या तोंडून हे काय निघालं?" नाना पुटपुटले, "याची काठी काढून घ्यावी का, ते ज्येष्ठांना विचार." ताई, ते वाक्य मात्र मला नटवता येईना. मामांनी शेवटच्या दिवसांत ती काठी माझ्या हातात देताना माझी बोटं स्वतःच्या हाताने मिटली होती. मी काठी छातीशी घट्ट धरली.

तेवढ्यात राजमाता पोमा म्हणाल्या, "थांबा. कुठला राजा, ते दाखव आधी." मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, बोट टेकवलं आणि अर्ध्या मिनिटात उंदराकडून मारल्या गेल्या. "या उंदराने? मला?" त्या गरजल्या. "पुन्हा लाव रे!" त्या बसल्या बैठकीत त्या चार वेळा मेल्या (हे वाक्य तेवढं कुणाला वाचून दाखवू नकोस). पाचव्या वेळी त्यांनी उंदीर मारला तेव्हा बांधावरून भांडणारे दोघंही टाळ्या वाजवत होते, आणि नाना हसू लपवायला वस्त्राचं टोक तोंडाशी धरून बसले होते.

निकाल असा: एक मेंढी, श्नॅप्स दारूची एक बाटली, सर्वांसमोर माफी, आणि फोन राजमातांकडे जमा. काठी माझीच! घरी येऊन मी तीन महिन्यांत झोपलो नव्हतो तसा झोपलो. आता जेवणाला चव लागते, डुफी बोलते, मी ऐकतो. तो खेळ कायमचा सुटला. मोकळा झालो बघ.

तुझा,
क्वाबेना

ता. क. फोनशिवाय फार अडतं गं. तुझा जुना पडून असेल तर टाकोराडीहून येणाऱ्या गाडीत कुणाबरोबर तरी पाठव. निव्वळ बोलण्यापुरता हवाय.

ता. ता. क. पडदा मोठा असला तर बरं. राजमातांनी काल हाडांच्या राजाला मारलं आणि मला मुद्दाम बोलावून दाखवलं. त्याच्या सिंहासनाखाली दार आहे, ताई. अकरावा मजला आहे.