दोन मोरांमधली कोरी भिंत

८ फेब्रुवारी, शनिवार

उद्या पनवेलला चारुता मॅडमचं व्याख्यान. आमच्या आगरी गावांतल्या लग्नाच्या भिंतींचे फोटो काढून त्या चित्रं करतात. ड्रॉइंग टीचरच्या कोर्सला दोन वर्षं होत आली, वर्गात एकदाही हात वर केला नाही मी. उद्या करायचाच. एक तरी प्रश्न!

बाबा म्हणाले, "भिंत बगायला पनवेलला कशाला? आपल्या घराला हाय की."

९ फेब्रुवारी, रविवार

आत्ताच पनवेलहून आले. लगेच लिहिते.

पडद्यावर चौथा फोटो — आमचीच पडवी! विचुंब्यातली! कुमुद आत्याच्या लग्नात रंगवलेली भिंत. कलश, दोन मोर, एकाची मान वाकडी. नंतर घरात लग्न झालं नाही, म्हणून रंग तसाच राहिलाय. आमच्यात मुलीचं नाव घरावर लागतं ते एवढं एकदाच. पण फोटोत मोरांच्या मध्ये कोरी भिंत. आत्याचं नाव नाही. नवरदेवाचंही नाही.

प्रश्न पाठ करून गेले होते, तो विसरले. हात मात्र वर गेला. "मॅडम, मधली नावं कुठे गेली?"

"कॉम्प्युटरवर काढली मी. घरमालकांची अट होती. मुलीचं नाव फोटोत नको, म्हणाले."

मागून कुणीतरी — "घर बिल्डरला द्यायचं असणार, मॅडम! बहिणीचा हिस्सा निघेल ना!" सगळा हॉल हसला.

घरमालक म्हणजे बाबा. सतरा तारखेला, सोमवारी, आत्या घरावरचा हक्क सोडल्याची सही करणार आहे, मग घर पाडून बिल्डिंग. फोटोतून नाव पुसलं की हक्क पुसला जातो, असं वाटलं त्यांना?

खाली बसणार होते. नाही बसले. "ते आमचं घर आहे," म्हटलं.

हशा थांबला. चारुता मॅडम म्हणाल्या, "जिचं नाव आहे तिला विचारायला हवं होतं मी. नाव परत घालू?"

"ते माझं नाव नाही. आत्याला विचारून सांगते."

१० फेब्रुवारी

बाबांनी विचारलं, "मंग, बगल्यास भिंती?" "बघितल्या," म्हटलं. नावाचं न विचारताच आत पळाले. भित्री!

१२ फेब्रुवारी, बुधवार

कॉलेज बुडवून कामोठ्याला गेले, आत्याकडे. सगळं सांगितलं. आधी हसली. "माजं नाव काडलं नि मोर ठेवलं?" मग कोलंबी सोलायला घेतली. "जगनदादानं सांगितलं असं?" "हो, बाबांनीच," म्हटलं.

म्हटलं, सही करू नकोस. कायद्यानं तुझा वाटा आहे.

"कायदा भाऊबीजेला येतो का गो?"

सही तिची, माहेरही तिचंच. मी कोण ओढणारी? फोटोचं तर विचारायचंच राहिलं. पण सोमवारी मी सोबत जाणार. कागदातला शब्दन् शब्द तिला वाचून दाखवणार, मगच ती काय ते करेल. घरात असली सरकारी भाषा वाचता येणारी मी एकटी — मग हे काम माझंच. ठरलं!

१६ फेब्रुवारी

बाबांना सांगून टाकलं, उद्या मीही येते. वाटलं चिडतील. म्हणाले, "बरं झालं. तू पन पायजेच." का, ते कळलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रजिस्ट्रारच्या ऑफिसात कागद वाचून दाखवला. आत्यानं सगळं ऐकलं आणि सही केली. मग साहेबांनी हक्क सोडल्याचा तसाच दुसरा कागद काढला — त्यावर माझं नाव!

बाबांनी पेन पुढे केलं. "कर गो हेतल. लगीन झाल्यावर परत धावपल नको."

मी पेन टेबलावर ठेवलं. "मी नाही करणार, बाबा."

आत्या खुर्चीतून उठली. "सायब, शिक्का मारू नका. माजी सही पन खोडा."